पहिल्या वाफ्यातली काणी

पेरणी

पहिला वाफा बारा पावलं लांब आणि सहा पावलं रुंद होता. फलजचं, म्हणजे इथल्या जुन्या कालव्याचं, पाणी डोंगराच्या पोटातून येई, दगडी पाटातून खजुरीच्या झाडांना वळसा घाली आणि सगळ्यांत आधी याच वाफ्यात उतरे. त्याच्या पुढे एकवीस वाफे. मस्कतहून दोन तासांवरच्या बहल्याच्या रस्त्यापासून आत, डोंगराला पाठ लावून बसलेलं एवढंच शेत. २०१३चा नोव्हेंबर. सकाळी अंगावर सदरा ठेवावासा वाटू लागला होता.

म्हातारी नसीबा बांधावर बसली होती. पुढ्यात बियाण्याची टोपली. दाणा बारीक, लालसर. तिच्या सासूच्या सासूपासून घरात हेच बी होतं. बाहेरचा दाणा या शेतात पडलेला नव्हता. इथले लोक त्याला नुसतं बुर्र म्हणत, म्हणजे गहू. दुसरं नाव द्यायची गरज कधी पडली नव्हती.

उत्तम चार वर्षं या घरी होता, पण खजुरी आणि लसूणघास एवढंच त्याचं काम. गहू जुना गडी जमाल पेरायचा. यंदा जमालचे गुडघे गेले, आणि नसीबाचा मुलगा रशीद हिंदीत म्हणाला, "उत्तम, तू शेतकरी आहेस ना तुझ्या देशात? मग यल्ला, लाग कामाला."

त्याआधी नऊ वर्षं उत्तम रुसैलला पाइपच्या कारखान्यात होता. एका खोलीत सहा माणसं. निफाडकडचा गहूवाला माणूस, नऊ वर्षं त्याने मातीत हात घातला नव्हता. आता वाफ्याच्या कडेला अनवाणी उभं राहिल्यावर पायाच्या बोटांनी आपोआप ढेकूळ फोडलं.

उजव्या खिशात त्याची मूठ होती. दसऱ्याच्या सुट्टीत गावाहून आणलेला घरचा गहू. पायमोज्यात बांधून, हिंगाच्या डब्याशेजारी, बॅगेत. बाप दुसऱ्याची शेतं वाट्याने करायचा आणि नवं शेत धरलं की पहिली मूठ घरची टाकायचा. मालकाला न सांगता. आपला दाणा पडला की शेत आपल्याला ओळखतं, असं म्हणायचा.

उत्तमने खिशातली मूठ काढली, पहिल्या वाफ्यात फेकली, मग टोपलीत हात घातला.

नसीबाने पाहिलं नाही. ती पाटाच्या तोंडाचा दगड नीट बसवत होती.

नंतर चहा पिताना त्याने शीलाला सांगितलं. शीला त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी नसीबाच्या स्वयंपाकघरातल्या कामाच्या व्हिसावर आलेली. दोघांना शेतातच एक खोली होती. पत्र्याचं दार, एक खिडकी, आत एक पलंग. रुसैलची जुनी माणसं फोनवर विचारत, "काय उत्तमभाऊ, बायको खरंच जवळ हाय का रोज नुसता फोटो पाहून झोपतो?" लेबर कॅम्पातल्या माणसाला नवरा-बायकोची एक खोली मिळणं हे लग्नाच्या वरातीपेक्षा मोठं होतं.

"मूठ टाकली का?"

"टाकली."

"कुठं?"

"पयल्या वाफ्यात. दुसरीकडं कुठं टाकत्यात?"

"बरं केलं," शीला म्हणाली. "आता हे रान आपलं झालं."

जानेवारी

मावा आला. पानांच्या पोटात हिरवट किडे, आणि खाली सगळं चिकट. चालून आलं की विजारीला पोळ्याच्या पुरणासारखं काहीतरी लागलेलं असे. रशीद दुकानातून औषधाची बाटली घेऊन आला. उत्तम म्हणाला, "अर्बाब, चार दिवस थांबा." अर्बाब म्हणजे मालक.

"चार दिवसांत हे खाऊन टाकतील."

"यांना खाणारे येत्यात."

ते आले. लाल पाठीचे, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे. आठवड्यात मावा आटला. नसीबाने एक ढालकिडा बोटावर घेतला आणि स्वयंपाकघरात अरबी शिकलेल्या शीलाकडून विचारून घेतलं, याला हिंदमध्ये काय म्हणतात. मग रशीदला म्हणाली, "हा माणूस किड्यांनाही कामाला लावतो. तू बाटल्या विकत घेतोस."

रशीद हसला. उत्तमला संध्याकाळी घरातून खजूर आले, वर तिळाचं बी लावलेले.

त्या आठवड्यात तो शेतात चालायचा तेव्हा हात मागे बांधून चालायचा. बाप चालायचा तसा.

फेब्रुवारी

पोटरीतून कणसं बाहेर पडत होती. दोन दिवस आभाळ होतं, झिमझिम झाली होती आणि हवा ओलसर होती. पहिल्या वाफ्यात काही कणसं बाकीच्यांच्या आधी निसवली होती. ती कणसं नव्हती. दाण्याच्या जागी काळी भुकटी, वर पातळसा पापुद्रा. बोट लावलं की पापुद्रा फाटे आणि भुकटी उडे.

काणी.

एकवीस मोजली. मग मोजणं सोडलं.

झाडं उंच होती. नसीबाचं बुर्र मांडीएवढं, ही कमरेएवढी. घरची होती. त्याचीच होती.

काय करायचं हे त्याला माहीत होतं, बापाने दाखवलेलं. कणसावर हळूच ओली पिशवी घालायची, बूड धरून उपटायचं, पिशवीसकट जाळायचं. भुकटी उडू द्यायची नाही. शेजारचं कणीस फुलोऱ्यात असतं. भुकटी फुलात शिरते, दाण्याच्या पोटात जाऊन झोपते. दाणा वरून चांगलाच दिसतो. पुढच्या वर्षी पेरला की उगवतोही चांगलाच. निसवायच्या दिवसापर्यंत काही कळत नाही.

पिशव्या खोलीत होत्या. आणि पाटाच्या वळणावर नसीबाची काठी वाजली.

त्याने हातानेच उपटली. भराभर, मुठीमुठीने. वारा डोंगराकडून होता. भुकटी धुरासारखी उठली आणि सगळ्या वाफ्यावरून गेली. उपटलेलं त्याने सदऱ्याखाली घातलं आणि तो सदरा पोटाशी धरून उभा राहिला.

"काय रे?" नसीबा म्हणाली. एवढं अरबी त्याला कळत होतं.

"गवत, मामा," तो म्हणाला. "गवत."

इथे मालकिणीला मामा म्हणतात. नसीबाने मान डोलावली. मग ती वाकली, पहिल्या वाफ्यातलं एक चांगलं कणीस तळहातावर घेतलं आणि बोलत राहिली, बराच वेळ, हळू आवाजात. त्याला काही कळलं नाही. तो हसून हो हो करत राहिला. पोटाला कुसळं टोचत होती.

खोलीत

"ह्ये काय? काजळात लोळले का काय? सदरा धुतला तरी निघंना."

"काणी हाय."

"कुठली?"

"आपली. मुठीतली."

"उपटली ना सगळी?"

"उपटली."

"मग झालं की. एवढं तोंड कशापायी पाडायचं?"

"उडाली गं. वारं व्हतं. पिशवी नव्हती."

"एक वाफा जाईन फार तर. एकवीस ऱ्हातेत."

"मामा काय म्हणत व्हती सकाळी? कणीस हातात घेऊन बोलत व्हती. तुला काय सांगितलं का?"

"तेच सांगत असंल, जे रोज सांगती. पयला वाफा बियाण्याचा. त्याचं बी येगळं काढायचं, दोन रांजण भरायचे. एक पेरायला, एक दैवाला. ओढ्याला पाणी येऊन पेरलेलं वाहून गेलं, तर तो दुसरा."

"पयला वाफा?"

"हां. पयला."

"तू मला आधी का नाय सांगितलं?"

"तुमी मला मूठ टाकायच्या आधी कुठं इचारलं?"

"शीले."

"काय?"

"सगळं बी त्या वाफ्यातून निघतं. दुसरीकडं कुठंच नाय. पुऱ्या जगात नाय."

"मग सांगा जाऊन तिला."

"काय सांगू?"

"तेच. का म्या चोरून बी आणलं, तुमच्या सासूच्या सासूच्या गव्हात टाकलं, आन् त्याला रोग व्हता. सांगा. मग माहा व्हिसा रद्द, तुमचा रद्द. तुमी जा रुसैलला न्हाय तर दुक्मच्या कॅम्पात, म्या जाते निफाडला. फोनवर बोलू. अकरा वर्षं बोललो तसं."

"वारं व्हतं गं."

"जेवा. गार व्हतंय."

मे

एप्रिलमध्ये पहिल्या वाफ्याचं बी दोन रांजणांत बंद झालं. एक उपाय होता. तोही बापाचाच. मे महिन्याच्या कडक उन्हात बी सकाळी चार तास पाण्यात भिजत घालायचं. दाण्याच्या पोटातली काणी जागी होते. मग तेच बी पातळ पसरून तापल्या फरशीवर वाळवायचं. जागी झालेली काणी उन्हाने मरते, दाणा जगतो. निफाडच्या उन्हात होतं, तर इथल्या उन्हात का होणार नाही? इथे दुपारी पाटातल्या पाण्याने हात भाजतो.

पण नसीबाला बियाण्याला पाणी लावायचं कसं सांगणार? पेरणीला सहा महिने असताना ओलं केलेलं बी म्हणजे मेलेलं बी. का भिजवायचं, असं ती विचारेल. आणि त्या 'का'च्या मागे मूठ होती.

नसीबाच्या मावसबहिणीचा नवरा इब्रीला वारला. ती तीन दिवसांसाठी गेली. कोठारघराची किल्ली शीलाकडे होती, नेहमीसारखी, पीठ-तांदूळ काढायला.

पहाटे त्यांनी पहिल्या रांजणाचं लिंपण फोडलं. राख चाळली. गहू दोन घमेल्यांत आणि शीलाच्या कपडे धुवायच्या टबात भिजत घातला. दोघं शेजारी बसून राहिली. चार तास. मधेच शीलाने एक दाणा तोंडात टाकला.

"गोड हाय," ती म्हणाली.

"खाऊ नको."

"एकानं काय व्हतंय?"

एका मुठीने काय होतं, हे तिला आठवलं असावं. तिने दुसरा दाणा घेतला नाही.

दहा वाजता कोठारघराच्या गच्चीवर शीलाची जुनी जांभळी साडी अंथरून त्यावर गहू पसरला. फरशीवर पाय ठेववत नव्हता. उत्तम चपला घालून, गुडघ्यावर बसून हाताने गहू खालीवर करत होता. कपाळाचा घाम दाण्यांवर पडायचा आणि पडताच वाळायचा. अकरा वाजेतो वरचा थर खडखडीत झाला. उद्या दुसरा रांजण. परवा दोन्ही बंद करून, लिंपून, राख घालून जागेवर. त्याला पहिल्यांदाच वाटलं, निभेल.

बारा वाजता रशीदची गाडी आली. आईची रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती.

तो गोळी घेऊन निघाला आणि त्याला गच्चीवरून लोंबणारा साडीचा काठ दिसला.

"हे काय?"

उत्तम उभा राहिला. गुडघ्यांना गहू चिकटला होता.

"उत्तम, हे आईचं बी आहे ना? वर का आणलंय? कुठे न्यायचंय?"

न्यायचंय. त्या शब्दाने उत्तमच्या कानशिलांत ऊन शिरलं. तोंड उघडलं होतं खरं. पण शीला जिन्यावरून वर आली, डोक्यावरचा पदर नीट करत, आणि म्हणाली, "किडा झाला होता अर्बाब. सोंडकिडा. रांजणात. म्हणून उन्हात घातलं."

"आईच्या रांजणात किडा?"

"हो."

"कधी होत नाही."

"यंदा झाला."

रशीदने ओंजळभर गहू उचलला, पाहिला, टाकला. "मग फोन करायचा ना. असं चोरासारखं काय?"

नसीबा दुसऱ्याच दिवशी परत आली. गाडीतून उतरली ती थेट गच्चीवर. जिना चढायला तिला बराच वेळ लागला, मधे दोनदा बसली. वर येऊन तिने एक दाणा दातांखाली धरला. मग दुसरा नाकाशी नेला.

"पाणी," ती म्हणाली.

तिने दाणा थुंकला.

"किडा दाखव."

शीलाने खाली पाहिलं. रशीद म्हणाला, "उडाले असतील, उमी. म्हातारपणी लिंपण नीट बसत नाही तुझं."

नसीबाने मुलाकडे पाहिलं. तिच्या बोटांवर लिंपणाच्या मातीची जुनी, न निघणारी रेघ होती. तिने तो हात दुसऱ्या हाताखाली घेतला.

मग ती खाली उतरली, दुसरा रांजण उघडायला लावला, कोपरापर्यंत हात घालून बघितला. एकही किडा नव्हता. तिने रांजण स्वतः लिंपला. वाळवलेला गहू टोपल्यांनी बकऱ्यांना घातला. बकऱ्या त्यावर तुटून पडल्या. निरोगी झालेलं सगळं बी दोन दिवसांत संपलं. उत्तम गोठ्याच्या कुडाशी उभा राहून बघत होता. एका बकरीने त्याच्या हाताला जीभ लावली, हाताला गव्हाचा वास होता.

कोठारघराची किल्ली दुसऱ्या दिवसापासून नसीबाच्या गळ्यात. शीलाला पीठ हवं असेल तर हाक मारावी लागे, मग म्हातारी उठून येई, कुलूप काढी, दारात उभी राही. शीला पीठ मोजून घेई तेव्हा ती छताकडे बघे.

"चोर समजती," शीला म्हणाली.

"कामावर ठेवलं ना पर."

"ठेवलं."

नोव्हेंबर

दुसऱ्या रांजणाचं बी पेरलं. पेरलं उत्तमनेच. नसीबा बांधावर बसून त्याचे हात बघत होती, या वर्षी पाटाचा दगड तिने आधीच बसवला होता. बावीस वाफे. उगवण सुरेख झाली.

पुन्हा फेब्रुवारी

या वेळी पहिला वाफा नव्हता. सगळे होते. दहांतलं एक कणीस काळं. दुरून पाहिलं तर हिरव्यात कुणी मिरं उधळल्यासारखं. वारा आला की शेतावरून काळसर धूर सरके. खजुरीखाली बसलेल्या नसीबाच्या पांढऱ्या चादरीवर तो बसे आणि ती चादर झटके. पहिले दोन दिवस तिला वाटलं, रस्त्यावरच्या गाड्यांचा आहे.

तिसऱ्या दिवशी ती वाफ्यात उतरली. एक काळं कणीस हातात घेतलं. भुकटी गळून गेली आणि हातात नुसती दांडी राहिली, माशाच्या काट्यासारखी.

ती तशीच ओल्यात बसली. शीला धावत गेली, काखेत हात घालून तिने तिला उठवलं. तिचा झगा गुडघ्यापर्यंत भिजला होता.

रशीदने मस्कतहून माणूस बोलावला. बी-खतं विकणाऱ्या कंपनीचा. पांढरी गाडी, डोक्याला टोपी, पायात स्वच्छ बूट. गाडीतून उतरता उतरताच फोनवर बोलत होता, "अगं उत्तरा, इथे नेटवर्क नाहीये, मी नंतर करतो." उत्तमने मराठी ऐकलं आणि त्याला आधी आनंद झाला, मग भीती वाटली.

माणसाचं नाव प्रशांत, पुण्याचा. वाफ्याच्या कडेला उकिडवा बसला, एक कणीस कागदी पाकिटात घातलं.

"लूज स्मट. काणी. क्लासिक. तुम्ही कुठले?"

"निफाडकडचे, साहेब."

"मग तुम्हाला माहीतच असणार की! गव्हाच्या गावचे तुम्ही. आधी नाही ओळखलंत?"

"उशिरा कळलं."

"उशिरा म्हणजे?"

"कणसं निसवल्यावर."

"ते तर सगळ्यांनाच तेव्हा कळतं." प्रशांत उठला, बुटाला लागलेला चिखल बांधावर घासला. "गंमत आहे बघा. हा गहू म्हणे शंभर वर्षं एकाच घरात. बाहेरचं बी नाही. मग ही आली कुठून? ही तर बियाण्यातूनच येते. कुणी गावाहून बी-बियाणं आणलं नव्हतं ना? आपले लोक काय काय आणतात बॅगेतून. माझ्या सासूने अळू आणलं होतं, मुळांसकट."

तो हसला. उत्तमनेही हसायचा प्रयत्न केला. प्रशांतचे डोळे मात्र हसत नव्हते.

"नाय साहेब," उत्तम म्हणाला.

"बरं."

एवढंच. पुन्हा विचारलं नाही. त्याला खरं-खोटं नको होतं. त्याच्या गाडीत छापील पत्रकं होती.

बैठकीत तो रशीदला इंग्रजी-हिंदीत सांगत होता. उत्तम दारात, चपलांच्या ढिगाशी. बी जुनं झालंय. वर्षानुवर्षं तेच तेच. साठवण चुकली की रोग धरतो. हे सगळं काढून टाका. आम्ही औषध लावलेलं नवं बी देऊ, उत्पन्न दुप्पट.

"साठवण," रशीद म्हणाला. "मागच्या उन्हाळ्यात रांजणात किडाही झाला होता."

"बघा. म्हणजे तेव्हापासूनच."

रशीदने आत जाऊन आईला सांगितलं. आतून आधी त्याचा आवाज आला, समजावणीचा. मग त्याचाच आवाज, चढलेला. बाहेर येऊन तो उत्तमला म्हणाला, "हिरवाच कापून टाक. सगळा. जाळ. खलास."

मग जरा थांबून, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझी काही चूक नाही. आईचे डोळे गेलेत, हात गेलेत. ती कबूल करत नाही."

कापणी

सहा दिवस लागले. विळा त्याने पाटाच्या दगडावर घासून घेतला होता. चिकात आलेला गहू कापताना वेगळाच आवाज येतो, ओला, चावल्यासारखा. काळं कणीस आणि चांगलं कणीस एकाच मुठीत येई. चांगली जास्त होती. दहांतली नऊ. दाणा दाबला तर पांढरा चीक निघत होता. संध्याकाळपर्यंत हात, मान, नाकपुड्या काळ्या. शिंकरलं की काळं. शीला पाठीवर पाणी ओतायची आणि पाणी काळं वाहायचं.

"आता बास ना," ती म्हणाली. "आता काय उरलंय सांगायला?"

"ती म्हातारी सोताला दोष देती."

"देऊ द्या. घरचीच हाय ती. तिला कुणी दुक्मला पाठवणार नाय."

"शीले, तिच्या हातानं काय नाय झालं."

"तुमच्या हातानं झालं. म्हाईत हाय. माह्या तोंडानं झालं. किडा कुणी सांगितला? म्या. मंग? दोघं मिळून जाऊ का तिच्या पायावर?"

तो अंग पुसत राहिला.

पाटावर, खजुरीवर, आगीशेजारी तो शब्द जुळवत होता. त्याला अरबी यायचं ते असं: पाणी. आज. उद्या. मोठं. छोटं. आण. ने. खलास. मरीद म्हणजे आजारी. अना म्हणजे मी. हिंद. बुर्र.

बुर्र मरीद. अना. हिंद.

गहू आजारी. मी. हिंदुस्थान. म्हणजे म्हातारी म्हणेल, तुला बरं नाही का, घरी जायचंय का?

शेवटचा वाफा जळाला त्या दिवशी दुपारी तो शीलाला म्हणाला, "चल. माहं तुलाच सांगावं लागंल तिला. माझ्यानं जमत नाय."

शीलाने हात पुसले आणि पदर घेतला.

नसीबाची खोली

नसीबा भिंतीला टेकून बसली होती. शेजारी कॉफीची किटली, उलटे घातलेले छोटे कप, खजुराची ताटली. हाताला मेंदी नव्हती. नेहमी असायची. तिने दोघांना बसा म्हटलं. उत्तम सतरंजीच्या कडेवर बसला, राखेचे पाय बाहेर ठेवून.

तो मराठीत बोलला. एकेक वाक्य. शीला अरबीत सांगत गेली.

उत्तम: मामा, तुमच्या बियाण्यात काय खोट नव्हती.

शीला: मामा, तो म्हणतो, तुमचं बी फार चांगलं होतं.

उत्तम: म्या गावाहून मूठभर गहू आणला व्हता. पेरताना पयल्या वाफ्यात टाकला. आमच्यात तशी रीत हाय.

शीला: तो म्हणतो, त्याच्या गावीही गहूच पिकतो. त्याचा बाप गहू करायचा.

उत्तम: त्या गव्हात रोग व्हता. मला ठावं नव्हतं. नंतर कळलं. मंगही म्या गप्प बसलो.

शीला: तो म्हणतो, त्याच्या गावातही हा रोग येतो. कुणाच्या हातात नसतं.

उत्तम: उन्हाळ्यात आमी बी भिजवलं ते रोग मारायला. किडा नव्हता. तुमच्या रांजणात कधीच किडा नव्हता.

शीलाने पदर सारखा केला. मग म्हणाली: तो म्हणतो, उन्हाळ्यात आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं. माफ करा.

उत्तम ऐकत होता. सगळं कळत नव्हतं. पण तो एक शब्द शोधत होता, त्याला नक्की येणारा. अना. मी. शीलाच्या एवढ्या बोलण्यात तो आला नाही. हिंदही आला नाही. मरीद आला एकदा. त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ती सतरंजीची नक्षी बघत होती. तिच्या कपाळावर घाम होता आणि खोली गार होती.

नसीबाने डोळे टिपले. मग पुढे झुकून, शीलाला नाही, त्यालाच विचारलं, सावकाश, लहान मुलाला विचारावं तसं. शेताकडे हात करून. कोठाराकडे, आपल्या हातांकडे, वर आकाशाकडे. शेवटचा शब्द त्याला पुरता ठाऊक होता. रुसैलला फोरमन रोज म्हणायचा.

"सह?"

बरोबर ना?

तोंडात शब्द तयार होता. एकच. अना. छातीवर हात ठेवून म्हटला असता तरी पुरला असता.

शीलाचा हात सतरंजीवरून त्याच्या विजारीच्या टोकापर्यंत आला आणि तिथे थांबला. नुसता थांबला.

"सह, मामा," उत्तम म्हणाला.

नसीबाने मान हलवली, एकदा, खूप हळू. जणू इतके दिवस ती कुणाच्या तरी तोंडून हेच ऐकायला थांबली होती. कुणाची चूक नाही. तिने कप सुलटा केला, कॉफी ओतली, त्याच्या हातात दिली. त्याचे काळे हात तिने पाहिले आणि ती जीभ टाळ्याला लावून हळहळली.

त्याने कॉफी संपवली. इथली रीत आहे, पुरे झालं की रिकामा कप दोन बोटांत धरून हलवायचा. नाही हलवला तर यजमान ओततच राहतो.

त्याने कप तसाच पुढे धरला. तिने भरला. त्याने रिकामा केला, पुन्हा पुढे धरला. तिने पुन्हा भरला. शीलाने कोपराने खुणावलं. चौथा. पाचवा. किटली हलकी होत चालली, म्हातारीचा हात दमला, कॉफी ताटलीतल्या खजुरावर सांडली, तरी ती ओतत होती आणि उत्तम कप हलवत नव्हता.